शांघायहून आलेल्या कळ्या आणि रात्रीचे थेंब

पत्र

ताई, नमस्कार. मी नाशिकला राहते, वय ५८. कित्येक वर्षं रात्री माझं नाक चोंदतं, सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू होतात. पावसाळा सरता सरता त्रास फारच वाढतो. झोपताना नाकात थेंब टाकल्याशिवाय डोळा लागत नाही. दोनेक वर्षं झाली, रोज टाकते. बीपीची गोळी चालू आहे. मोठा मुलगा नोकरीसाठी शांघायला असतो. तिथल्या सहकाऱ्याच्या आईने सुचवलं म्हणून त्याने ‘शिन यी’ नावाच्या वाळलेल्या कळ्यांचं पाकीट पाठवलं आहे. सोबत नाकासाठीच्या गोळ्यांची एक बाटलीही आहे, तिच्यावर सगळं चिनी भाषेत. कळ्या चहासारख्या उकळून प्यायच्या, असं तो म्हणतो. नणंदबाई म्हणतात, ही तर चाफ्याचीच कळी, दारात चाफा असताना परदेशातून कशाला मागवायची? धाकटी सून पाचव्या महिन्यात आहे. तिचंही नाक बंद असतं, आणि ‘झाडपाल्याचंच आहे, मीही घेते’ म्हणते. मी घेऊ का? तिला देऊ का?

उत्तर

ताई, घाईच्या दोन गोष्टी आधी सांगते. सूनबाईंना यातलं काहीही देऊ नका, ना कळ्या, ना गोळ्या. आणि बाटलीतल्या गोळ्या तुम्हीही घेऊ नका, निदान त्यांत काय काय आहे हे कुणी वाचून सांगेपर्यंत तरी नाही. कळ्यांचं प्रकरण त्या मानाने सौम्य आहे. तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती रोज रात्रीच्या थेंबांची. त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण मुलाने एवढ्या मायेने वस्तू पाठवली आहे, तर ती काय आहे हे आधी नीट समजून घेऊ. माझं आयुष्य द्रव्यगुण, म्हणजे आयुर्वेदातलं औषधी द्रव्यांचं शास्त्र, शिकवण्यात गेलं, त्यामुळे अशी वस्तू कुणी समोर ठेवली की तिच्या मुळापर्यंत गेल्याशिवाय मला राहवत नाही.

शिन यी म्हणजे मॅग्नोलियाची न उमललेली कळी. चीनच्या अधिकृत औषधकोशात या नावाखाली मॅग्नोलियाच्या तीनच जाती मान्य आहेत. त्यांतली एक म्हणजे युलान, ज्याचं पांढरं फूल शांघायने १९८६ साली आपलं नगरपुष्प म्हणून स्वीकारलं. तुमच्या मुलाने ती झाडं रस्त्याकडेला नक्की पाहिली असतील. बाजारातला बराचसा माल मात्र दुसऱ्या जातीचा, मध्य चीनमधल्या हेनान प्रांतातून येतो. तिथला नानचाओ तालुका या कळ्यांसाठी नावाजलेला आहे. या झाडांची रीत अशी की पानं फुटण्याआधी, नागड्या फांद्यांवरच फुलं येतात. कळ्या आदल्या वर्षीच धरलेल्या असतात आणि सगळा हिवाळा थंडीवाऱ्यात काढतात. म्हणून त्यांच्या अंगावर करड्या, मऊ लवेचं जाड पांघरूण असतं. हिवाळ्याच्या शेवटी, फूल उमलायच्या आत त्या खुडायच्या, देठ काढायचे आणि सावलीत वाळवायच्या. वाळलेली कळी हुबेहूब कुंचल्याच्या टोकासारखी दिसते. चिनी लोकांनाही तेच आठवलं, म्हणून या झाडाचं एक जुनं नाव लाकडी कुंचला असं आहे.

कळीचं औषध आपल्यालाही नवं नाही. लवंग ही वाळवलेली कळीच, आणि चिनी वैद्य तीही वापरतात, पण पोटातल्या थंडीसाठी आणि उचकीसाठी. शिन यीचं काम नाकाचं. शन नोंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्वांत जुन्या चिनी औषधीग्रंथात तिला वरच्या वर्गात जागा आहे, आणि सोळाव्या शतकात ली शिजन या चिनी वैद्याने आपल्या महाग्रंथात तिची कारणमीमांसा दिली आहे. तिखट चव, उष्ण गुण, म्हणून ती फुफ्फुसाच्या मार्गाने वर डोक्याकडे जाते आणि नाकाचा रस्ता मोकळा करते, असा त्यांचा विचार. कटु (म्हणजे तिखट) रस, उष्ण वीर्य आणि कफाचा अडथळा या आयुर्वेदाच्या भाषेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तो लगेच उमजतो. मात्र याच विचारात एक अट दडलेली आहे, आणि पाकिटासोबत ती बहुधा तुमच्यापर्यंत पोहोचली नाही. ही कळी ‘थंडी’ने चोंदलेल्या नाकासाठी आहे: पाण्यासारखा पातळ स्राव, गार वाऱ्याने वाढणारा त्रास, जड डोकं. घसा कोरडा, अंगात कडकी, नाकातून कधीमधी रक्त, असा माणूस समोर आला तर चिनी वैद्य एकटी शिन यी द्यायला धजणार नाही. स्राव घट्ट, पिवळा असेल तर तो तिच्याबरोबर थंड गुणाची औषधं घालतो. कोरड्या हवेत, पंख्याखाली, बंद नाकामुळे तोंडाने श्वास घेत झोपणाऱ्या माणसाचा घसा आधीच सुकलेला असतो. त्याने हा उष्ण काढा ‘चहासारखा’ दिवसातून तीनदा प्यायचा, हे त्यांच्या शास्त्रातही बसत नाही.

आता नणंदबाईंचा मुद्दा. त्यांची नजर चांगली आहे, अर्धं बरोबर ओळखलं त्यांनी. आपला सोनचाफा आणि हा चिनी मॅग्नोलिया एकाच कुळातले. वनस्पतिशास्त्रज्ञ तर आता सोनचाफ्याला मॅग्नोलियाच म्हणतात. पण नात्यातली झाडं एकमेकांच्या जागी औषध म्हणून चालत नाहीत. गंमत म्हणजे आपल्या निघंटूंनी, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या औषधीकोशांनी, चंपकाला (सोनचाफ्याला) ‘हिम’, म्हणजे शीत म्हटलं आहे, आणि ही चिनी बहीण उष्ण! म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांचं ऐकलं तरी आणि त्यांच्या जुन्या वैद्यांचं ऐकलं तरी एकीच्या जागी दुसरी बसत नाही. शिवाय ‘दारचा चाफा’ म्हणजे नेमका कोणता, हे पत्रात नाही. तो देवळाजवळ असतो तसा, जाड फांद्यांचा पांढरा चाफा, म्हणजे खुरचाफा असेल, तर त्याचा या कुळाशी काडीचाही संबंध नाही. ते झाड मूळचं अमेरिका खंडातलं, कण्हेरीच्या कुळातलं, आणि त्याची फांदी मोडली की पांढरा चीक येतो. त्याच्या कळ्या कुणी उकळायला घेऊ नयेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

चुकीची वनस्पती योग्य नावाखाली पोटात गेली तर काय होतं, याचं एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगत आले. १९९० च्या सुमाराला बेल्जियममध्ये, ब्रसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या केंद्रात चिनी वनस्पती घातलेल्या गोळ्या देत असत. त्यात एका वनस्पतीच्या जागी तिच्यासारख्याच नावाची दुसरी, ईश्वरीच्या कुळातली मुळी आली. शंभरच्या वर लोकांची मूत्रपिंडं त्यात बाधली, अनेकांची कायमची निकामी झाली. त्याच गोळ्यांत मॅग्नोलियाच्या एका जातीची सालही होती. ती बिचारी निर्दोष होती, दोष शेजारी बसलेल्या वनस्पतीचा होता.

आणि ताई, बाटलीतल्या गोळ्यांबद्दल मी इतकी ठाम का आहे, ते यावरूनच कळेल. शिन यी चीनमध्ये क्वचितच एकटी वापरली जाते. तिची सगळ्यात जुनी, प्रसिद्ध जोडीदार म्हणजे त्सांग अर त्झ नावाची काटेरी फळं. तेराव्या शतकातल्या एका सूत्रात ही दोन्ही पुदिन्यासोबत येतात, आणि आजही नाकाच्या असंख्य चिनी गोळ्या त्याच सूत्रावर बेतलेल्या असतात. ही फळं तुम्ही पाहिलेली आहेत. गोदाकाठच्या पडीक जमिनीत उगवणारं, साडीच्या काठाला आणि गुरांच्या शेपटीला चिकटणारं शंकेश्वर, तेच ते. त्याच्या बियांत आणि कोवळ्या रोपांत यकृताला मारक विष असतं. कोवळी रोपं खाऊन गुरं दगावतात. चिनी पद्धतीत ती फळं नीट भाजून, काटे काढून, मोजक्या मात्रेत वापरतात. तरीही जास्त मात्रेने किंवा फार दिवस घेतल्याने माणसांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी खुद्द चीनमध्ये आहेत. दुसरी शक्यता मा हुआंग या वनस्पतीची. तिच्यात इफेड्रिन असतं. त्याने नाक झटकन मोकळं होतं, आणि रक्तदाब वाढतो. तुम्ही तर बीपीची गोळी घेता. तिसरी शक्यता ऐकून अनेकांना धक्का बसतो: नाकाच्या काही चिनी गोळ्यांत वनस्पतींबरोबर क्लोरफेनिरामिनही घातलेलं असतं, आपल्याकडच्या सर्दीच्या गोळ्यांतलं झोप आणणारं तेच औषध. हे लपवलेलं नसतं, लेबलवर छापलेलं असतं. पण चिनी वाचता येत नसेल तर छापलेलं असून उपयोग काय!

जपानमध्ये याच कळीची दोन औषधं डॉक्टर लिहून देतात आणि सरकारी आरोग्यविम्यात ती बसतात. त्यांची तुलना मला फार बोलकी वाटते. एकात कळीसोबत मा हुआंग आणि ज्येष्ठमध आहे. ज्येष्ठमधही जास्त झालं तर शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो, म्हणजे तुमच्यासाठी दोन्हीकडून अडचण. दुसऱ्यात ही दोन्ही नाहीत, उलट जिप्समसारखी थंड द्रव्यं आहेत. ते घट्ट स्रावाच्या सायनससाठी देतात. पण त्यातही गार्डेनियाचं फळ आहे, आणि ते वर्षानुवर्षं घेतलेल्यांच्या आतड्याच्या शिरा कडक झाल्याचं दिसल्यावर जपानने त्या औषधाच्या माहितीपत्रकात इशारा छापला. म्हणजे कळी एकच, पण सोबत कोण आहे आणि किती दिवस आहे यावर सगळं बदलतं. ‘झाडपाल्याचंच आहे’ या वाक्यावर माझा विश्वास का नाही, हे सूनबाईंनाही यातून समजेल.

मग एकट्या कळीत काही दम आहे का? आहे. तिच्यातल्या उडनशील तेलात निलगिरीच्या तेलातलं मुख्य द्रव्य आणि कापूर सापडतो. कळी मोडून हुंगली तर तो गार-तिखट वास लगेच येतो. मॅग्नोलिन वगैरे द्रव्यं प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासली गेली आहेत. ॲलर्जीत हिस्टामिन, म्हणजे शिंका-खाज आणणारं द्रव्य, सोडणाऱ्या पेशींना ती काही प्रमाणात आवरतात असं दिसलं. माणसांवरचे अभ्यास मात्र बहुतेक मिश्रणांचे आहेत. त्यामुळे एकट्या कळीच्या काढ्याने तुमची ॲलर्जी बरी होईल असं वचन कुणी देत असेल, तर ते पुराव्याच्या पुढे गेलेलं आहे. नाक थोडं हलकं वाटेल, इतकी अपेक्षा रास्त.

आता तुमच्या थेंबांविषयी. झोपताना टाकल्यावर पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं करणारे थेंब म्हणजे बहुधा ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन. बाटलीवर ही नावं आहेत का पाहा. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकसून घेतात. तीन-चार दिवसांच्या सर्दीसाठी ते उत्तम. पण पाचेक दिवसांपुढे रोज वापरले, तर असर उतरताच त्या वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात आणि नाक आणखी घट्ट बंद होतं. मग पुन्हा थेंब. दोन वर्षं तुम्ही ज्याला ‘माझं चोंदणारं नाक’ म्हणता आहात, त्याचा मोठा हिस्सा या थेंबांनीच तयार केलेला असण्याची दाट शक्यता आहे. त्यांचा बीपीवरही परिणाम होऊ शकतो. हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे थेंब दुकानात कुणालाही सहज मिळतात आणि देणारा विचारत नाही की किती दिवस झाले. शिन यी सुरू करून थेंब तसेच चालू ठेवलेत, तर कळीने काही केलं की नाही हेसुद्धा तुम्हाला कधी कळणार नाही.

तेव्हा पहिलं काम: कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घ्या. त्यांना दोन वर्षांच्या थेंबांचं स्पष्ट सांगा, लाजू नका. ही सवय रोज पाहणारी माणसं आहेत ती. नाकाचा पडदा वाकडा आहे का, आत मांसाचे कोंब (पॉलिप) वाढलेत का, हे ते दुर्बिणीने पाहतील. एकाच बाजूने सतत नाक बंद असेल, त्याच बाजूने रक्त किंवा दुर्गंध येत असेल, वास यायचा बंद झाला असेल, तर भेट अजिबात लांबवू नका. थेंब सोडवायला ते बहुतेक स्टिरॉइडचा नाकात मारायचा फवारा देतील. ‘स्टिरॉइड’ ऐकून घाबरू नका. त्याची मात्रा अगदी कमी असते आणि ते मुख्यतः नाकापुरतंच राहतं. फक्त ते थेंबांसारखं दहा मिनिटांत काम करत नाही, पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने मारायचं, म्हणजे टोक मधल्या पडद्याकडे न जाता कानाच्या दिशेला राहतं. बहुतेकांचा फवारा फसतो तो इथेच. थेंब एका नाकपुडीत आधी बंद करायचे आणि ती मोकळी राहू लागली की दुसरीत, ही युक्ती अनेकांना जमते. पहिल्या काही रात्री अवघड जातील. उशी उंच घ्या आणि तग धरा.

सोबत मिठाच्या पाण्याने नाक धुवा. जलनेती माहीत असेल तर फारच छान. पाव लिटर पाण्यात अर्ध्या चमच्याला थोडं कमी मीठ. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं किंवा विहिरीचं कच्चं पाणी नाकात अजिबात नको, कारण त्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हे फार दुर्मीळ, पण जीवघेणं. फवारा मारायचा असेल तर आधी धुवा, मग मारा.

पावसाळा सरताना त्रास वाढतो, हा तुमच्या पत्रातला मोठा सुगावा आहे. त्या दिवसांत दमट भिंतींवर बुरशी असते, गाद्यांत धुळीतले किडे वाढलेले असतात आणि बाहेर गाजर गवत फुलावर असतं. हे गवत भारतात प्रथम पुण्यात, १९५५ च्या सुमाराला लक्षात आलं, आणि आज ते कुठे नाही? उशा-चादरी आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवा, गाद्यांना कडक ऊन द्या, कपाटामागची ओल पाहा. डॉक्टरांनी सुचवलं तर ॲलर्जीची चाचणी करून घ्या. त्यातून नेमकं कारण सापडलं, तर ते कोणत्याही कळीपेक्षा जास्त कामाचं ठरेल.

सूनबाईंना माझा निरोप द्या. गरोदरपणात शरीरातल्या बदलांनी नाकाच्या आतलं अस्तर सुजतं आणि अनेकींचं नाक महिनोन्महिने बंद राहतं. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत ते आपोआप सुटतं. शिन यीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, म्हणून गरोदरपणात ती टाळायची. तिने मिठाच्या पाण्याने नाक धुवावं, डोकं उंच ठेवून, एका कुशीवर झोपावं. तुमच्या बाटलीतले थेंब तर तिने मुळीच उसने घेऊ नयेत. फारच त्रास झाला तर तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावं, गरोदरपणात चालणारे फवारे त्यांना माहीत असतात.

मुलाला लिहा की तू पाठवलेली वस्तू खरी आणि जुनी आहे, पण आईला बीपी आहे. बाटलीच्या सगळ्या बाजूंचे फोटो त्याला पाठवा आणि त्यात त्सांग अर त्झ, मा हुआंग किंवा क्लोरफेनिरामिन आहे का, एवढंच तिथल्या औषधदुकानात विचारायला सांगा. यांतलं एकही असेल तर बाटली बाजूला ठेवून द्या. कळ्या हवाबंद बरणीत, कोरड्या जागी ठेवा. ओल लागली की त्यांच्या लवेत बुरशी धरते आणि मग त्या टाकून द्याव्या लागतात.

थेंब पूर्ण सुटले, नाकाचं निदान झालं, आणि तरीही तुम्हाला या कळ्या वापरून पाहायच्या असतील, तर बीपीच्या डॉक्टरांच्या कानावर घालून, जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली घ्या. चिनी औषधकोशातली दिवसाची मात्रा ३ ते १० ग्रॅम आहे. तुम्ही तीनच्या वर जाऊ नका. कळ्या ठेचून, मलमलच्या पुरचुंडीत घट्ट बांधूनच उकळायच्या. ही पुरचुंडी विसरू नका, कारण ती बारीक लव काढ्यात उतरली तर घशाला टोचते आणि ठसका लागतो. जुन्या चिनी वैद्यांनीही हे बजावून ठेवलं आहे. झाकण ठेवून उकळा, नाहीतर कामाचं तेल वाफेबरोबर निघून जाईल. आठवडाभरात फरक वाटला नाही तर थांबवा. तोंड कोरडं पडलं, छातीत धडधडलं, अंगावर पुरळ आलं किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.